अर्धे सरळ, अर्धे कुरळे: आता कोणता रिलॅक्सर?

एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश: केस घट्ट कुरळे, दाट, ओढून धरले तर पाठीच्या मध्यापर्यंत येणारे. सात महिन्यांपूर्वी घरीच रिलॅक्सर (केसांचा पीळ कायमचा काढणारी क्षाराची क्रीम) लावला. किटमध्ये क्रीमची बरणी आणि पातळ अ‍ॅक्टिव्हेटरची बाटली होती. दोन्ही एकत्र केलं, निम्मं वापरलं, निम्मं झाकण घट्ट लावून ठेवून दिलं. सुरुवात कपाळाकडून केली. मागे पोचेपर्यंत वीस मिनिटं झाली आणि पुढे चुरचुरायला लागलं, म्हणून लगेच केस धुतले. पुढचे केस सरळ झाले, मागचे जेमतेम सैलावले. तीन महिन्यांपूर्वी बरणीतली उरलेली क्रीम सगळ्या केसांना लावली, सांगितलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त ठेवली, तरी "काडीचाही फरक पडला नाही, फक्त केस झाडूसारखे झाले." आता मुळाशी कुरळे, मागे अर्धवट, पुढे सपाट, आणि विंचरताना तुटतात. पाच आठवड्यांनी घरात लग्न आहे. आता 'सुपर' ताकदीचा रिलॅक्सर घ्यावा की सोडियम हायड्रॉक्साइडचा, हा प्रश्न आहे. बहीण म्हणते, हे सगळं सोड आणि रिबॉन्डिंग करून घे. मैत्रिणीचं स्वतःचं म्हणणं: "माझे केसच हट्टी आहेत. एकदाचे सगळे सरळ व्हावेत, नाहीतर कापूनच टाकते."

तुमचे केस हट्टी नाहीत. तुम्ही जे जसं घडलं तसं लिहिलंत, त्यातच उत्तर आहे, म्हणून आधी तेच परत वाचू या.

पहिल्या वेळी पुढच्या केसांवर क्रीम वीस मिनिटं राहिली आणि मागच्या केसांवर दोन-तीन मिनिटं. एकाच डोक्यावर एकाच बरणीतून दोन वेगवेगळे उपचार झाले. मागचे केस सरळ झाले नाहीत ते क्रीम कमजोर होती म्हणून नव्हे, तर तिला काम करायला वेळच मिळाला नाही म्हणून. मान मागे वळवून, आरशात न दिसणाऱ्या भागावर स्वतःच्या हाताने क्रीम लावणं फार कठीण असतं. घरी रिलॅक्सर लावणाऱ्या बहुतेकींचा मागचाच भाग अर्धवट राहतो, आणि दोष मात्र केसांच्या माथी येतो.

दुसऱ्या वेळची गोष्ट वेगळी. तुमच्या किटमध्ये क्रीम आणि अ‍ॅक्टिव्हेटर वेगवेगळे होते, म्हणजे तो 'नो-लाय' (सोडियम हायड्रॉक्साइड नसलेल्या) प्रकारातला ग्वानिडीन रिलॅक्सर. क्रीममध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं (म्हणजे विरलेला चुना), आणि अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये ग्वानिडीन कार्बोनेट. दोन्ही मिसळले की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. केस सरळ करतं ते हे. पण ते टिकाऊ नाही. मिसळलेली क्रीम चोवीस तासांच्या आत वापरा, उरलेली टाकून द्या, असं या किटवर सांगितलेलं असतं ते त्यामुळेच. तुम्ही ती चार महिने ठेवली. तोपर्यंत तिची सरळ करण्याची ताकद गेली होती, पण चुन्याचा दाहक क्षार शिल्लक होता. वर दहा मिनिटं जास्त. म्हणून केसांचा पीळ गेला नाही आणि ओलावा तेवढा गेला.

तेव्हा 'साधा रिलॅक्सर माझ्यावर चालत नाही, सुपरच हवा' हा निष्कर्ष ज्या दोन प्रयोगांवरून काढला, त्यांतल्या एकात वेळ मिळाला नाही आणि दुसऱ्यात औषधच मेलेलं होतं. साधा रिलॅक्सर पूर्ण वेळ, ताजा, नीट लावून तुमच्या केसांवर अजून एकदाही वापरून झालेला नाही.

आता एक पट्टी घ्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मागची एक बट ओली करून ताणून धरा. मुळापासूनचे तीन-साडेतीन सेंटिमीटर अगदी कोरे आहेत, त्यांना काहीच लागलेलं नाही. त्यापुढच्या चार-पाच सेंटिमीटरना फक्त ती शिळी क्रीम लागली आहे: पीळ शाबूत, पण पोत खरखरीत. त्याच्यापुढे टोकापर्यंत पहिला रिलॅक्सर, मागे अपुरा आणि पुढे पुरेपूर, शिवाय वरून शिळी क्रीम. तुम्हाला दोन प्रकारचे केस दिसतात. प्रत्यक्षात डोक्यावर चार प्रकार आहेत. यांतल्या सगळ्यांवर एकच 'सुपर' फासला तर जे आधीच थकलेले आहेत ते आधी तुटतील. बहुधा तुटतील ते कुरळा आणि सरळ भाग जिथे भेटतात तिथे, कारण कंगव्याचा सगळा ताण त्या सांध्यावर येतो.

बहिणीचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण या केसांवर तो चालणार नाही. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दुहेरी सांध्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि पीळ पक्का राहतो तो या सांध्यांमुळे. हायड्रॉक्साइडचा कोणताही रिलॅक्सर त्या सांध्यातला गंधकाचा एक अणू काढून टाकतो. उरतो तो एका गंधकाचा, कायमचा, परत पूर्ववत न होणारा सांधा. रिबॉन्डिंगमध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, त्याची रीत निराळी: ते दुहेरी सांधे उघडतं आणि नंतरचं न्यूट्रलायझर ते नव्या आकारात पुन्हा जोडतं. ज्या केसात जोडण्याजोगे सांधेच कमी उरलेत, त्यात उरलेलेही उघडले की केसाला धरून ठेवणारं काही राहत नाही. अशा वेळी केस धुताना पुंजके हातात येतात. उलट बाजूनेही तेच: रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइड लावायचं नाही. ही मनाई काही आठवड्यांची नाही. जोवर तो केस डोक्यावर आहे तोवर ती लागू आहे. पार्लरमध्ये गेलात तर 'रिलॅक्सर केलेला आहे' एवढं सांगून थांबू नका, 'हायड्रॉक्साइडचा' हा शब्द उच्चारा. किटचा खोका असेल तर सोबत न्या.

केराटिन किंवा स्मूदनिंग ट्रीटमेंटचाही विचार मनात येईल. त्यांतल्या कित्येकींत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं. लेबलवर 'मिथिलीन ग्लायकॉल' लिहिलेलं असेल तरी अर्थ तोच. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असलेल्या काही उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. शिवाय हे सगळे प्रकार दोनशे अंशांच्या वरच्या इस्त्रीने केसात दाबून बसवतात. तुमच्या टोकांना ती उष्णता सोसणार नाही.

आता 'कोणता रिलॅक्सर' या प्रश्नाकडे येऊ. नावावर किंवा खोक्यावरच्या फोटोवर जाऊ नका, घटकांच्या यादीत हायड्रॉक्साइड कोणतं आहे ते बघा. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे 'लाय'. तो वेगाने काम करतो, केसात चुनखडी ठेवत नाही, केस त्यामानाने मऊ राहतात. पण टाळूला जास्त जाळतो आणि चार-पाच मिनिटांची चूकही महागात पडते. ग्वानिडीनचा, म्हणजे तुमच्यासारखा दोन भागांचा, टाळूला त्यामानाने सौम्य. त्याची किंमत केसाला मोजावी लागते, कारण मिश्रणातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि केसावर बसतं. तीच चुनखडी. केस निस्तेज, राठ आणि पाणी न धरणारे होतात. लिथियम हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सरही 'नो-लाय' म्हणूनच विकले जातात, पण ते मिसळावे लागत नाहीत. स्वभावाने ते सोडियमच्या जवळचे. 'नो-लाय' म्हणजे क्षार नाही, असा अर्थ कुणी काढू नये. या सगळ्यांचा पीएच, म्हणजे क्षारपणाचं माप, बाराच्या वरच असतो.

माइल्ड, रेग्युलर, सुपर हे त्याच क्षाराच्या मात्रेचे प्रकार. बारीक, रंगवलेल्या किंवा नाजूक केसांना माइल्ड, मध्यम जाडीच्या केसांना रेग्युलर. सुपर हा जाड, राठ आणि पूर्वी कोणताही उपचार न झालेल्या केसांसाठी असतो. पहिला प्रयत्न फसला म्हणून वरची पायरी, असा तो क्रम नाही. हायड्रॉक्साइडचे प्रकार एकमेकांना चालतात, म्हणजे ग्वानिडीननंतर पुढच्या वाढीला सोडियमचा लावता येतो. मात्र आधी चुनखडी काढलेली हवी, नाहीतर क्रीम केसापर्यंत सारखी पोचत नाही.

तुमच्यापुरतं माझं स्पष्ट मत: घरी, एकटीने, सोडियम हायड्रॉक्साइड नको. तुमची टाळू एकदा चुरचुरलेली आहे. हायड्रॉक्साइडच्या कामाचा नीट अनुभव असलेली व्यक्ती लावणार असेल तर सोडियमचा माइल्ड किंवा रेग्युलर हा चांगला पर्याय आहे. घरीच लावायचा असेल तर ताजा ग्वानिडीन, रेग्युलर, तोही कोऱ्या वाढीवर आणि सोबतीला दुसरे दोन हात घेऊन.

पण हे काहीच या पाच आठवड्यांत करायचं नाही. लग्नाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून लावलेला रिलॅक्सर घाईतच लावला जातो.

या आठवड्यात चिलेटिंग शाम्पू आणा. खोक्यावर 'चिलेटिंग' किंवा 'हार्ड वॉटर' असं लिहिलेला बघा. त्यातले ईडीटीएसारखे घटक कॅल्शियम धरून पाण्याबरोबर बाहेर काढतात. साधा 'क्लॅरिफाइंग' शाम्पू तेल आणि जेल काढतो, चुनखडी काढेलच असं नाही. एकदा धुवा, तीन-चार मिनिटं फेस ठेवा, मग भरपूर कंडिशनर लावून अर्धा तास टोपी घाला. झाडूसारखा राठपणा यातून बराच उतरेल, कारण त्यातला काही भाग केसाचा नसून वर बसलेल्या थराचा आहे. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा, पुढे महिन्यातून एकदा पुरे.

मग केसाची परीक्षा घ्या. एकेक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ताणा: एक मागचा, एक कानशिलाजवळचा, एक कपाळावरचा. ताणला जाऊन सोडल्यावर परत आखडला तर केस ठीक आहे. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि तसाच लोंबत राहिला तर आतून पोकळ झालाय. त्याला हायड्रोलाइज्ड प्रोटीन असलेला कंडिशनर दोन आठवड्यांतून एकदा लावा आणि रसायन पूर्ण बंद ठेवा. न ताणताच कट्‌कन तुटला तर त्याला ओलावा हवाय, प्रोटीन नको. या दोहोंतली गल्लत फार होते. तुटतोय म्हणून प्रोटीनवर प्रोटीन लावलं की केस आणखी कडक होऊन आणखी तुटतो. कपाळावरची सपाट टोकं बहुधा पहिल्या परीक्षेत नापास होतील. दोन-तीन सेंटिमीटर कापायला लागले तर कापा. 'सगळेच कापते' असं म्हणण्यापेक्षा ते पुष्कळ कमी आहे.

विंचरणं कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच, रुंद दातांच्या कंगव्याने, डोक्याचे सहा-आठ भाग करून, टोकाकडून मुळाकडे. कुरळा भाग संपून सरळ सुरू होतो त्याच्या जरा वर बोटांनी बट घट्ट धरा, म्हणजे कंगव्याचा हिसका सांध्याला बसणार नाही.

लग्नासाठी रसायनाविना पोत एकसारखा दिसेल असं एक काम होतं: ओल्या केसांवर थोडा सेटिंग लोशन किंवा जेल लावून मोठे रोलर लावायचे आणि पूर्ण सुकल्यावरच सोडायचे. रोलर कुरळ्या मुळांना ताणतो आणि सपाट टोकांना वळण देतो, दोघं मध्यावर येऊन भेटतात. आधी एकदा करून बघा. आत थोडा जरी ओलसरपणा राहिला तर मुळं तासाभरात फुगतात. इस्त्री फिरवायचीच असेल तर उष्णतेपासून जपणारा सीरम लावून, १८० अंशांच्या खाली, एका बटेवर एकदाच.

लग्न झाल्यावर ठरवा. आणि तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला खरंच सगळे केस काडीसारखे सरळ हवेत, की सगळीकडे सारखे हवेत? पत्रात तुम्ही 'सरळ' लिहिलंय, पण प्रत्येक तक्रार 'सारखे नाहीत' याची आहे. मागच्या सैलावलेल्या केसांबद्दल तुम्हीच लिहिलंत की "सुटे सोडले तर ते चांगले दिसतात, फक्त पुढच्यांशी जमत नाहीत." हा अर्धवटपणा पुष्कळ जणी मुद्दाम करून घेतात. रिलॅक्सर कमी वेळ ठेवतात, पीळ फक्त सैल करतात. केसात सांधे जास्त शिल्लक राहतात, केस दाट दिसतो आणि कमी तुटतो. तुमच्या मागच्या केसांवर हे अपघाताने झालं. पुढची वाढ ठरवून त्याच पोताला आणता येईल आणि पुढची सपाट टोकं दर दोन-तीन महिन्यांनी कापत नेता येतील. मला विचाराल तर तुमच्यासाठी हा रस्ता सगळ्यांत चांगला आहे. दुसरा रस्ता काहीच न लावता वाढू देण्याचा. त्याला दोन वर्षांहून जास्त धीर लागतो, आणि तो असेल तर तोही उत्तम. मागचे अर्धवट केस दुरुस्त करून पूर्ण सरळ करण्याचा रस्ता तिसरा. तो अनुभवी हातानेच, आणि परीक्षेत पास झालेल्या केसांवरच.

लावायचं ठरलं तर आधी बटेची चाचणी. मागच्या खालच्या थरातली अर्धा सेंटिमीटर रुंद बट वेगळी काढा, आजूबाजूचे केस फॉइलने झाका. कोऱ्या भागाला क्रीम लावा, दर तीन मिनिटांनी कंगव्याच्या पाठीने दाबून बघा, हवा तेवढा पीळ सैलावला की वेळ टिपून ठेवा. धुवा, न्यूट्रलायझिंग (उरलेला क्षार मारणारा) शाम्पू लावा, दोन दिवस थांबून बट ताणून बघा. पूर्ण डोक्यासाठी तोच वेळ घ्या, मात्र तो खोक्यावरच्या कमाल वेळेच्या आतच हवा.

त्यानंतर साध्या कंडिशनरची रंगीत तालीम करा. घड्याळ लावून, चार भाग पाडून, अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीचे थर घेत फक्त मुळाच्या वाढीवर कंडिशनर लावा. आठ-दहा मिनिटांत संपलं नाही तर खऱ्या क्रीमलाही तेवढाच वेळ लागणार, आणि पुढे-मागे तोच फरक पडणार. तसं असेल तर अर्धं डोकं आज आणि अर्धं आठवड्याने करा, दोन्ही वेळा ताजं मिश्रण घेऊन. मधल्या आठवड्यात केस वर बांधले की कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्यक्ष लावताना आधीचे चार-पाच दिवस शाम्पू नको, नखाने खाजवणं नको. टाळूवर, कानांवर, मानेवर आणि कपाळाच्या कडेला पेट्रोलियम जेली. आधी रिलॅक्स झालेल्या लांबीवर दाट कंडिशनर, म्हणजे धुताना ओघळणारी क्रीम त्याला लागणार नाही. मात्र कोऱ्या मुळांवर तेल किंवा जेली चढू देऊ नका, तिथे क्रीम शिरणारच नाही. सुरुवात मागच्या दाट भागापासून, कपाळ आणि कानशिलं शेवटी, कारण तिथले केस बारीक असतात आणि लवकर सरळ होतात. क्रीम टाळूपासून अर्धा सेंटिमीटर दूर. विंचरायचं नाही, हातमोजे घातलेल्या बोटांनी फक्त सपाट करायचं. चुरचुरणं ही 'काम होतंय' याची खूण नाही, भाजायला लागल्याची आहे. तिथल्या तिथे धुवायचं. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून लगेच डॉक्टर गाठायचा.

कोमट पाण्याने निदान पाच मिनिटं नुसतं धुवा. कानामागे आणि मानेच्या खळग्यात क्रीम हमखास राहते. न्यूट्रलायझिंग शाम्पू रंग बदलणारा घ्या: क्षार शिल्लक असेपर्यंत फेस गुलाबी दिसतो. पांढरा होईपर्यंत दोन-तीनदा, शेवटच्या वेळी पाच मिनिटं ठेवून. हा टप्पा अर्धवट राहिला की केस पुढच्या कित्येक तासांत तुटायला लागतात. कायमचा रंग लावायचा असेल तर त्यानंतर किमान दोन आठवडे थांबा. ब्लीच मात्र कधीच नको.

दोन वापरांत निदान दहा-बारा आठवडे जाऊ द्या. यामागे केसांखेरीज आणखी एक कारण आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी' या मोठ्या पाहणीत, आधीच्या वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचं अंदाजे प्रमाण कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि मूळ धोका लहानच आहे. पण वर्षाला तीन वेळा आणि सहा वेळा यांत निवड करायची असेल तर तीनच बरी. मूल होऊ घातलेलं असेल किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि ती बरणी. तुम्ही लिहिलंत की तळाशी अजून थोडी क्रीम आहे आणि ती न्हाणीघरातल्या फळीवर आहे. हातमोजे घाला, झाकण घट्ट करा, पिशवीत बांधून आजच टाकून द्या. सरळ करण्यापुरती ती मेली असली तरी लहान मुलाच्या हाताला आणि डोळ्याला अजून भाजू शकते.